रांगेत सगळ्यात मागे वान-फू

कुणाला पटणार नाही, तरी सांगून टाकलेलं बरं: नानफांग-आवच्या बंदरात एक म्हातारा सबंध उन्हाळाभर जळत होता आणि त्याच्या अंगावर साधा फोडसुद्धा आला नाही. धूर मात्र निघत होता. दर्यावर्दींना सांभाळणाऱ्या माझू देवीच्या देवळासमोर माशांच्या गोळ्यांचं सूप विकणाऱ्या युए-क्वेइ काकूने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. आधी तिला वाटलं आपलंच पातेलं करपलं, म्हणून तिने दोनदा झाकण उचलून बघितलं.

म्हाताऱ्याचं नाव ल्याओ वान-फू. बेचाळीस वर्षं बांगड्याच्या बोटीवर काढलेली. गुडघे गेले तेव्हा नाइलाजाने जमिनीवर आला. सकाळी देवळाच्या आवारात चहाच्या टेबलाशी बसायचं, इवल्याशा कपातून चहा प्यायचा आणि आपण पकडलेल्या माशांच्या लांबीत दरवर्षी एकेक हात भर घालायची, एवढंच काम आता उरलं होतं आणि ते तो मन लावून करायचा. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा त्याचा मित्र आ-प्याव म्हणायचा, वान-फूने तरुणपणी एक तारली पकडली होती, ती वाढत वाढत आता देवमासा झालीय, अजून दोन वर्षांनी तिला बंदरात जागा पुरायची नाही.

जुलै लागला, शाळांना उन्हाळी सुटी पडली, तशी वान-फूची मुलगी पेइ-शान तैपेईहून आली आणि आपल्या लेकीला, पिन-येनला, सुटीपुरती त्याच्याकडे सोडून गेली. दर उन्हाळ्यात सोडायची. नऊ वर्षांची पोर, तिसरी संपलेली, एरवी बोटीच्या भोंग्यासारखी. यंदा मात्र ती बसमधून उतरली, मान लववली आणि गप्प उभी राहिली. मे महिन्याच्या शेवटापासून ती कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. घशाच्या डॉक्टरांनी घसा बघितला, कानाच्या डॉक्टरांनी कान बघितले. दोन्ही खणखणीत निघाले.

पेइ-शानने बापाला स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात सगळं ठरलेलं सांगितलं. लुओतुंगला वेनबाई म्हणून एक समुपदेशक आहेत, लहान मुलांचंच बघतात. सुटीभर दर मंगळवारी आणि गुरुवारी तीन वाजता जायचं. त्याने फक्त स्कूटरवरून न्यायचं आणि आणायचं.

वान-फूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पोरीला बोलतं करायला बाहेरची बाई कशाला, म्हणाला, मी काय मेलोय?

"तुम्ही बोलता, बाबा," पेइ-शान म्हणाली. "बोलतं करत नाही." आणि साडेचारच्या बसने निघून गेली. पंचवीस ऑगस्टला परत न्यायला येणार होती.

म्हणजे वान-फूच्या हातात सात आठवडे होते. त्याने मनाशी पैज लावली: पोर बोलेल ती आपल्याशीच, सगळ्यात आधी.

वेनबाईंची खोली सोयाबीनचं दूध विकणाऱ्या एका न्याहारीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. वान-फूला वाटलं होतं पांढरा डगला असेल, भिंतीवर मेंदूचं चित्र असेल. निघाली पस्तिशीची एक बाई, पायात कॅनव्हासचे बूट, केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. खोलीत एक चौकोनी लाकडी ट्रे वाळूने भरलेला आणि भिंतीभर फळ्यांवर इटुकली माणसं, घरं, बोटी, वाघ, कोंबड्या. औषध काय देणार, असं त्याने विचारलं. औषध नाही म्हणाल्या. मग सुटीतच कशाला, तो म्हणाला, पोरीला जरा खेळू द्यावं की.

"शाळा चालू असताना मूल जखमेवर दप्तर घालून चालतं, आगोंग," वेनबाई म्हणाल्या. आगोंग म्हणजे आजोबा; त्या मुलुखात कुठल्याही पिकल्या केसाला आगोंगच म्हणतात. "आता दोन महिने दप्तर उतरलंय. तेवढ्यात बघून घ्यायचं."

आणि दार लावून घेतलं. वान-फू बाहेरच्या बाकावर बसला. समोर काचेच्या पेटीत एक लाल मासा होता. वान-फूने त्याला बाशीच्या सामुद्रधुनीतल्या वादळाची गोष्ट सांगितली. माशाने पाठ फिरवली.

पहिल्या चार वेळा असंच झालं. पोर आत जायची, पन्नास मिनिटांनी बाहेर यायची, वाळूने बोटं पांढरी झालेली, तोंड मिटलेलं. वान-फू आतून खूश होता, हे कबूल करायला हवं. चहाच्या टेबलाशी तो म्हणायचा, बघा शिकलेल्या लोकांचे धंदे, पोरीला वाळूत खेळवतात. आमच्या किनाऱ्यावर काय वाळूचा दुष्काळ पडलाय?

पाचव्या वेळी, अगदी साडेतीनच्या ठोक्याला, बंद दारापलीकडून आवाज आला. शब्द कळले नाहीत. पण आवाज पिन-येनचा होता. खालच्या पट्टीत काहीतरी लांबलचक सांगितलं, मध्ये थांबली, आणि हसली.

आता खरं म्हणजे माणसाने देवीला अगरबत्ती लावावी. वान-फूच्या पोटात मात्र एक खेकडा जागा झाला आणि आडवा चालू लागला. माझी नात! बेचाळीस वर्षं समुद्राच्या गोष्टी साठवल्या त्या कुणासाठी? आणि ही बाई, जिला बांगडा आणि सुरमई यातला फरक सांगता यायचा नाही, तिच्याशी ही हसते? वाटेत त्याने पोरीला शेंगदाण्याच्या चिक्कीचा कीस आणि कोथिंबीर घालून पातळ पोळीत गुंडाळलेलं आइस्क्रीम घेऊन दिलं. तिने आधी कोथिंबीर वेचून टाकली, मग आइस्क्रीम संपवलं, मान लववली आणि गप्प राहिली.

दुसऱ्या दिवशी वान-फूने घरीच दुकान थाटलं. मासे भरायचा थर्माकोलचा खोका, त्यात किनाऱ्यावरची काळी वाळू. फळीवरच्या बाहुल्यांच्या जागी बुद्धिबळाच्या चार सोंगट्या, जुन्या ट्रकमधली प्लास्टिकची माझू देवी, बाटलीचं एक बूच आणि आमिषाची रबरी कोळंबी. पिन-येनला समोर बसवलं आणि वेनबाई दारात करतात तशी मान वाकडी करून म्हणाला, "हं."

पोरीने वाळूत बोट घातलं. वान-फू म्हणाला, "हं." पोरीने देवीला कोपऱ्यात उभं केलं. "हं," वान-फू म्हणाला, आणि त्याला आपल्या संयमाचं फार कौतुक वाटलं. चौथं "हं" निम्मंच बाहेर आलं; उरलेलं निम्मं "यावरून आठवलं" असं झालं, आणि म्हातारा वादळात शिरला. लाटा तीन मजली, मग पाच मजली, कप्तान डोलकाठीला बांधलेला, माशांचा पाऊस. वादळ ओसरलं तेव्हा समोर पोर नव्हती. खोक्यात सोंगट्यांचं एक छोटंसं घर उभं होतं, त्याला दार होतं, आणि दाराच्या तोंडाशी रबरी कोळंबी आडवी घातली होती. वान-फूने ती कोळंबी उचलून बघितली, दात-बित उमटलेत का म्हणून. त्याला काही उलगडलं नाही.

पुढच्या शनिवारी पेइ-शानचा फोन आला. पिन-येनने तो वान-फूच्या हातातून अलगद काढून घेतला, गॅलरीत गेली, काचेचं दार सरकवून लावलं, आणि काचेपलीकडे तिचे ओठ हलू लागले. वीस मिनिटं. वान-फूने काचेला इतकं नाक लावलं की तिथे तेलकट डाग पडला.

रात्रीचं जेवण होण्याआधी पेइ-शानने पुन्हा फोन करून त्याला सगळं सांगितलं. पोरीने परवानगी दिली होती: आईने आगोंगला सांगितलं तरी चालेल. झालं होतं ते असं. शाळेत वर्गाची शिस्त सांभाळायला एक मूल नेमतात. दुपारच्या जेवणानंतर सगळी मुलं बाकावर डोकं टेकून झोपतात, तेव्हा जो बोलेल त्याचा नंबर फळ्यावर लिहायचा. यंदा ते काम पिन-येनकडे होतं. तिची जिवाभावाची मैत्रीण नंबर आठ. एके दुपारी आठ नंबरने हिलाच कुजबुजून विचारलं, स्टिकर आणलेस का? नियम म्हणजे नियम. पिन-येनने उठून फळ्यावर आठ लिहिला. मैत्रिणीची आठवड्याची मधली सुटी गेली. त्या दिवसापासून पिन-येन जवळ आली की सगळा वर्ग गप्प व्हायचा: तोंड उघडाल तर ही लिहील. महिनाभर ती जिथे जाईल तिथे शांतता. शेवटी तिनेच तोंड मिटलं. आपण न बोललेलंच बरं, असं तिने ठरवून टाकलं.

वान-फूच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या वेळी तो खरोखर आजोबा होता. पण पेइ-शान पुढे सहज म्हणून गेली, वेनबाईंना तिने हे आधीच सांगितलंय, त्या दोघींनी मिळून मैत्रिणीला काय लिहायचं याचा सराव केला, सोमवारी कार्ड टाकायचंय. डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी वाळलं. आधी बाई, मग आई, आता नंबर आठ. सोमवारी टपाल कचेरीत तिकीट चाटायचं काम मात्र आगोंगकडे.

हा घाव भरतो न भरतो तोच युए-क्वेइ काकूने वार केला. पिन-येन सूप आणायला गेली होती. काकूने सवयीने कोथिंबिरीची चिमूट उचलली, तर पोर म्हणाली, "कोथिंबीर नको, काकू." संध्याकाळपर्यंत ही बातमी बर्फाच्या कारखान्यापासून दीपगृहापर्यंत पोचली. काकू प्रत्येक गिऱ्हाइकाला वाटीबरोबर ते तीन शब्द वाढत होती.

"तुझ्याशी काय काय बोलते रे?" आ-प्यावने चहा ओतता ओतता विचारलं.

वान-फू म्हणाला, आमचं काय, आमचं सगळं डोळ्यांनीच चालतं.

"चालत असेल," आ-प्याव म्हणाला. "बांगड्याशी पण तुझं तसंच चालायचं."

चार दिवस वान-फू काकूच्या गाडीकडे फिरकला नाही. मत्सर माणसाला काय काय करायला लावतो बघा: चार दिवस तो दुकानातल्या कोरड्या शेवया खात बसला. घरी आला तर दारातल्या लंगड्या मांजरीशी पिन-येन काहीतरी गुजगोष्टी करत होती. तो दिसताच दोघी गप्प झाल्या. मांजरसुद्धा!

ऑगस्टचा दुसरा गुरुवार. अडीच वाजले. पिन-येन बूट घालून, पाण्याची बाटली गळ्यात अडकवून दाराशी उभी. आणि वान-फूच्या तोंडून, त्याने ठरवलंही नव्हतं, असं बाहेर पडलं की वेनबाईंना ताप आलाय, आज खोली बंद आहे.

आयुष्यभर त्याने हजारो थापा मारल्या. लोक हसले, शिव्या घातल्या, चहा पाजला. पण कुठल्याच थापेनंतर असं झालं नव्हतं. पोर खाली बसली, एक बूट काढला, दुसरा काढला, दोन्ही भिंतीला टेकवून सरळ लावले. बाटली गळ्यातच राहिली. मग तिने कागद घेतला आणि एक चित्र काढू लागली: पलंगावर झोपलेली बाई, अंबाड्यात पेन्सिल, उशाशी ग्लास. लवकर बरं वाटावं म्हणून कार्ड.

तीनला दहा कमी असताना म्हातारा उठला. ताप उतरला, म्हणाला, आत्ताच कळलं. कुठून कळलं ते सांगितलं नाही आणि पोरीने विचारलं नाही. लुओतुंगपर्यंत त्याने स्कूटर अशी हाणली की सुआवच्या वळणावर दोन बगळे मागे पडले. हे एक सोडून द्या, पण हाणली हे खरं.

तरी वीस मिनिटं उशीर झालाच. वेनबाईंनी पोरीला आत घेतलं, कार्ड बघितलं, त्यावरचा ताप बघितला आणि दार लावून घेतलं. वेळ संपल्यावर पोर खाली दूध प्यायला गेली तेव्हा बाहेर आल्या. वान-फूची गोष्ट तयार होती: बांगड्यांचा ट्रक वळणावर उलटला, तीन गावांची मांजरं रस्त्यावर उतरली, पोलिसांना शिट्ट्या फुंकाव्या लागल्या. वेनबाईंनी ती शेवटच्या मांजरीपर्यंत ऐकून घेतली.

"आगोंग, तुम्ही तिला गोष्ट सांगता, तेव्हा ती कुठे बघत असते?"

वान-फूने विचार केला. त्याला समुद्र आठवला, लाटा आठवल्या, आ-प्यावचं टक्कल आठवलं. पोरीची नजर काही आठवेना. त्याने कधी बघितलंच नव्हतं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. चौऱ्याहत्तर वर्षांत हे वाक्य त्याने पहिल्यांदा वापरलं असेल.

"जाताना ती दारात तुमच्यापाशी उभी असते ना, तेवढं मी पाहते," वेनबाई म्हणाल्या. "ती तुमच्या तोंडाकडे बघते. आणि स्वतःचं तोंड उघडते. तोवर तुम्ही पुढच्या वाक्यात गेलेले असता."

 मग पोटातल्या खेकड्याने शेवटची एकदा नांगी मारली आणि त्याने विचारलंच, तुमच्याशी बोलली तेव्हा तिचा पहिला शब्द काय होता?

"तो तिचा आहे. मी कसा देऊ? तिलाच विचारा."

दुसऱ्या दिवसापासून वान-फू गप्प झाला. दोन दिवस. चहाच्या टेबलाशी तो बसायचा आणि ऐकायचा. लोक घाबरले. आ-प्यावने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. युए-क्वेइ काकूने देवीपुढे फळं ठेवली आणि भांडण विसरून त्याला सूप पाठवलं. पिन-येन बोलली नाही, पण पहिल्या दिवशी जी टेबलाच्या पलीकडच्या टोकाला होती ती दुसऱ्या दिवशी त्याच्या कोपराशी येऊन बसली. आठ नंबरचं उत्तर आलं होतं, त्यातले स्टिकर ती वहीत लावत होती आणि मधूनच मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघत होती. बघत होती हे त्याला आता दिसत होतं. तो वाट बघायचा. ती पुन्हा वहीत बघायची. ही शांतता दोघांनाही अंगाला तोकडी होत होती.

चोवीस तारीख उजाडली. उद्या पेइ-शान येणार. पैज हरल्यात जमा होती. पिन-येन त्याच्या शेजारी बसून साखरेत शिजवलेली लाल चवळी घातलेला बर्फाचा कीस खात होती. आ-प्याव म्हणाला, वान-फू, तुझी नात सगळ्या गावाशी बोलते, तूच तेवढा राहिलास, हे कसं काय? टेबलाभोवतीचे सगळे कप थांबले.

वान-फूने पोरीकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती. आणि त्याला राहवलं नाही.

म्हणाला, कोण म्हणतं मी राहिलो? तुम्हाला खरं माहीतच नाही. पोरीचा आवाज गेला होता कुठे? एका बांगड्याने गिळला होता. साधासुधा नाही, देवळाच्या खांबाएवढा. मी पहाटे एकटाच बोट घेऊन गेलो.

तो थांबला. समुद्राकडे नाही, पोरीकडे बघत थांबला. तिने चमचा बर्फात खोचला.

तीन तास ओढाताण झाली, वान-फू म्हणाला. शेवटी मी त्याला मिशीला धरून वर काढला. पुन्हा थांबला. मासे नि मिशा! आ-प्याव तोंड उघडणार, तेवढ्यात काकूने त्याच्या पायावर पाय दिला. पोरीच्या ओठांचा कोपरा हलला, पण ओठ मिटलेलेच राहिले.

 आता वान-फूला जे खोटं सुचलं, ते सगळ्यात लहान होतं, आणि तेच त्याला खरं व्हायला हवं होतं. 

"त्या माशाचं पोट दाबलं," तो म्हणाला, "तसा हिचा आवाज बाहेर पडला. वेनबाई नंतरच्या. हिच्या आईचा, काकूचा, मांजरीचा नंबर त्याच्याही नंतर. पहिला शब्द त्या बोटीवर, माझ्यासमोर. आणि तो शब्द होता, 'आगोंग'."

मग तो गप्प बसला. पुढचं वाक्य जिभेवर आलं होतं, ते त्याने दातांत धरून ठेवलं. कपात चहा निवला. देवळातली घंटा कुणीतरी वाजवली. पिन-येनने घास गिळला, त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि भुवया आवळल्या.

"खोटं," ती म्हणाली. "आगोंग, मी पहिल्यांदा 'आगोंग' म्हटलंच नव्हतं."